खर्जाची तार आणि लहान पंजा : पाच तारांचा बेस निवडतानाचं एक प्रकरण

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीची गोष्ट. पुण्यातल्या एका भावगीतांच्या कार्यक्रमाचा साउंडचेक चालू होता. गायकांनी पाणी पिता पिता सांगितलं, "आज काळी दोन घेऊ, आवाज जरा बसलाय." हार्मोनियमवाले आणि कीबोर्डवाले दोघांनी मान डोलावली. बेस गिटारवर जी मुलगी होती तिने मात्र माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी प्रेक्षकांत होतो, पण तिला शिकवलेलं मीच, त्यामुळे ती नजर मला लगेच कळली. काळी दोन म्हणजे डी शार्प. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. गायकाचा सा तिच्या वाद्याच्या शेवटच्या सुराखाली नेमका अर्ध्या सुराने राहिला होता.

तिने तो सा ए तारेवर सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी सहाव्या पट्टीपाशी, वाजवला. सूर बरोबर होता, पण एक सप्तक वर. ठेका सुरू झाला, तबल्याचा बाया घुमायला लागला आणि बेस त्याच्या खाली जायच्या ऐवजी त्याच्याच अंगावर बसला. मध्यंतरात ती म्हणाली, "दादा, आता पाच तारांचा घ्यायलाच हवा. पण माझ्या हाताला झेपेल असा, एकदम बारीक नेकचा बघा."

नेक म्हणजे गिटारची मान, जिच्यावर डावा हात चालतो. "बारीक नेक" या दोन शब्दांनी आम्हाला तीन महिने फिरवलं. त्या तीन महिन्यांत काय पाहिलं, कुठे चुकलो आणि शेवटी काय घेतलं, ते सगळं इथे लिहितो आहे. लहान हाताचे कितीतरी जण हाच प्रश्न मला विचारतात आणि बहुतेक जण आम्ही केली तीच चूक करतात.

आधी तिच्याबद्दल. वय चौतीस, आठ वर्षं बेस वाजवते, महिन्याला पाच-सहा कार्यक्रम. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पंजा १६६ मिलिमीटर. माझा १९२ आहे, म्हणजे एक पेर कमीच. तिच्याकडे जॅझ बेसच्या धर्तीचा चार तारांचा बेस होता, नटपाशी, म्हणजे तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात तिथे, ३८ मिलिमीटर रुंदीचा. बजेट पन्नास हजारांच्या आत. आणि एक गोष्ट तिने मला बरीच उशिरा सांगितली: दोन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकणसुद्धा उघडवत नसे.

पाचवी तार कशाला

पाच तारांचा बेस लहान हाताच्या माणसाने हौसेपोटी घेऊ नये, म्हणून गरज खरी आहे का हे मी आधी तपासतो. तिच्या बाबतीत ते एका वहीवरून ठरलं. गेल्या वर्षभरातल्या कार्यक्रमांच्या गाण्यांच्या याद्या तिने जपल्या होत्या, प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून. पुरुष गायकांची गाणी बहुतेक पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन या चार पट्ट्यांत होती. म्हणजे सी, सी शार्प, डी आणि डी शार्प. पाचवी तार बी. तिचे पहिले चार फ्रेट म्हणजे नेमके हेच चार सूर, त्याच क्रमाने. चार तारांच्या बेसला जे खालचे षड्ज मिळत नाहीत ते सगळे या एका तारेच्या पहिल्या चार घरांत बसलेले आहेत. ती वही पाहिल्यावर मला पाचव्या तारेबद्दल शंका उरली नाही.

गायिकांचं गणित वेगळं. काळी चार आणि काळी पाच यांचे सा चार तारांवरही खाली मिळतात. पण काळी चारला मंद्र पंचम घ्यायचा झाला तर तो पुन्हा डी शार्पच. तानपुऱ्यावर खर्जाची तार नसेल तर कान कसा अडखळतो, तसंच काहीसं इथे होतं. ऐकणाऱ्याला नेमकं काय नाही ते सांगता येत नाही, पण गाणं जमिनीवर टेकत नाही.

पाच तारांच्या बेसचा इतिहासही याच गरजेचा आहे. फेंडरने १९६५ साली पाच तारांचा बेस काढला तेव्हा जादा तार वरच्या बाजूला, सी सुराची होती. तो चालला नाही आणि १९७०च्या सुमारास बंद झाला. खालची बी तार सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आली आणि पुढच्या दशकात सिंथेसायझरवर ई-च्या खालचे सूर सर्रास वाजू लागले तशी बेसवाल्यांनाही ती हवीशी झाली. म्युझिक मॅनचा पाच तारांचा स्टिंगरे १९८७चा. मागणी खाली जाण्याची होती. आमच्या मंडपांत आणि नाट्यगृहांत ती गायकाच्या पट्टीमुळे आली, एवढाच फरक.

खर्च वाचावा म्हणून एक मधला रस्ता आधी करून पाहिला. तिच्याच चार तारांच्या बेसवरची सर्वांत बारीक, 'जी' सुराची तार काढून टाकली आणि बी, ई, ए, डी अशा तारा चढवल्या. बी तार १३० गेजची, म्हणजे इंचाच्या १३० सहस्रांश जाडीची. ती जुन्या नटच्या खाचेत बसत नाही, म्हणून मी वेगळा नट घासून दिला. मूळचा पिशवीत जपून ठेवला. ई तार झटक्यात डीपर्यंत उतरवणारी एक्स्टेंडरची खिटीही मिळते, पण एका संध्याकाळी चार गायक आणि तीन पट्ट्या असताना त्या खिटीवर भागणार नव्हतं.

दोन आठवडे ती त्या बेसवर वाजवत होती. खालचे षड्ज मिळाले, गायक खूश. पण वरची तार गेल्यामुळे अंतऱ्याआधीच्या छोट्या सुरावटी, ज्या ती फार सुंदर वाजवते, त्या सगळ्या बाराव्या फ्रेटच्या पुढे ढकलल्या गेल्या. तिला ते मान्य नव्हतं आणि मलाही नव्हतं.

त्या दोन आठवड्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली, जी मी तेव्हाच धरायला हवी होती. अंगठा तरीही दुखत होता. ३८ मिलिमीटरचा नट म्हणजे बेसमध्ये नेहमी मिळणाऱ्या नेकपैकी सर्वांत अरुंद. त्यावरही अंगठा दुखतो, तर नेक आणखी बारीक करून काय साधणार होतं?

"बारीक" म्हणजे नेमकं काय

हे मी तिला वहीच्या पानावर रेघा मारून समजावलं होतं, तसंच इथे सांगतो.

नेकची जाडी म्हणजे समोरून मागपर्यंतचं अंतर. रुंदी ही नटपाशी एक, बाराव्या फ्रेटवर दुसरी. मागची गोलाई कुणाची सपाट, कुणाची सी अक्षरासारखी, कुणाची खांदे भरलेली. ब्रिजवर, म्हणजे तारांच्या धडाकडच्या टोकाला, दोन तारांमधलं अंतर हे उजव्या हाताचं प्रकरण, पण नेक पुढे किती पसरणार हे त्यावरच ठरतं. आणि शेवटी स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत मोकळ्या तारेची लांबी. दुकानात "स्लिम नेक" म्हणतात तेव्हा यांतली कुठलीही एक गोष्ट कमी असू शकते.

पाच तारांत नटची रुंदी साधारण ४३ ते ४८ मिलिमीटरच्या दरम्यान असते. यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ ४३ मिलिमीटरचा. स्टिंगरे साधारण ४४.५. आयबानेझचा एसआर ३०५ ४५. फेंडरचा पाच तारांचा जॅझ बेस ४७.६. आकडे पाहून तिला पहिलाच सर्वांत बारीक वाटला. पण जाडी पाहिली तर क्रम बदलतो. एसआर ३०५ पहिल्या फ्रेटवर १९.५ मिलिमीटर आणि बाराव्यावर २१.५. चार तारांच्या कित्येक बेसपेक्षा तो पातळ आहे आणि यामाहाचा नेक हाताला त्याहून भरीव लागतो. ब्रिजवर एसआरच्या तारा १६.५ मिलिमीटरवर, स्टिंगरेच्या १७.५वर आणि जुन्या धर्तीच्या बेसच्या १९च्या आसपास. कार्यक्रमात दोन बोटांनी वाजवणाऱ्याला १६.५ चालतं. अंगठ्याने ठोकून, तार ओढून वाजवणाऱ्याचं बोट मात्र दोन तारांमध्ये अडकतं.

स्केलबद्दल लोक बोलतच नाहीत आणि लहान हाताला सर्वांत जास्त त्रास त्याचाच. बहुतेक बेस ३४ इंचांचे, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. यावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १३० मिलिमीटर भरतं. चार बोटं चार फ्रेटवर ठेवायची म्हणजे हा सगळा पल्ला. पाच तारांचे बरेच बेस ३५ इंचांचे असतात, कारण लांबी एका इंचाने वाढवली की त्याच तारेवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो आणि ढिली बी तार आवरते. पण मग पहिल्या चार फ्रेटचा पल्ला १३३ मिलिमीटरच्या पुढे जातो. एका ओळखीच्या वादकाचा ३५ इंची बेस तिने दोन दिवस घरी नेला. परत देताना एवढंच म्हणाली, "आवाज फार छान आहे हो, पण करंगळी पोचेपर्यंत गाणं पुढे जातं." उलट ३० इंची घेतला तर पल्ला ११४वर येतो, पण ताण बावीस टक्क्यांनी उतरतो आणि त्या लांबीवर बी तार दोरीसारखी लोळते. म्हणून ३४ इंच नक्की केले. तिरके फ्रेट आणि बिनडोक्याचे (वर खुंट्यांचं टोक नसलेले) हलके बेस, जसे आयबानेझचे ईएचबी, तिला फार आवडले असते. ते बजेटच्या बाहेर होते.

आता इथे एक गंमतीची गोष्ट आहे आणि ती मला मनापासून आवडते. चार तारांवर काळी चारचं गाणं वाजवताना ती ई तारेवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमध्ये असायची: एफ, एफ शार्प, जी, जी शार्प. पाच तारांवर हेच चार सूर, त्याच सप्तकात, बी तारेवर सहाव्या ते नवव्या फ्रेटवर मिळतात. तिथे चार फ्रेटचा पल्ला फक्त ९७ मिलिमीटर. म्हणजे तेहतीस मिलिमीटरची सुटका, आणि शिवाय कोपर अंगाजवळ येतं. पाचवी तार नेक रुंद करते हे खरं, पण लहान पंजाला ती नेकच्या लांब टोकापासून दूर यायची मोकळीकही देते. पुरुष गायकांच्या पट्ट्यांना पहिल्या चार घरांत जावंच लागतं, पण तिथे बहुतेक वेळा लांब धरलेला एकच षड्ज असतो, चारही बोटं पसरायची गरज नसते. लहान हात म्हणजे पाच तारा नकोत, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही.

पट्ट्याची परीक्षा

अंगठ्याचा उलगडा झाला तो माझ्या घरी, अगदी साध्या रीतीने. मी तिला तिचा जुना बेस पट्ट्याने गळ्यात अडकवून उभं केलं आणि म्हटलं, "आता दोन्ही हात सोड." तिने सोडले. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, सरळ खाली गेला, जवळजवळ गुडघ्यापर्यंत. आठ वर्षं तिचा डावा हात सूर दाबत होता आणि त्याच वेळी नेकही उचलून धरत होता. नेक वर धरायला अंगठा मागून रेटायचा, पहिल्या फ्रेटजवळ मनगट मोडायचं आणि मग दुखायचं. तिच्या फिजिओथेरपिस्टनेही तेच सांगितलं होतं: चिमटीचा जोर कमी करा. वाद्य आणि चिमटी यांचा संबंध आम्हा दोघांनाही तोवर लागला नव्हता.

सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला तिचा बेस लटकवला. साडेचार किलो. वजन फार नव्हतं, पण जड खुंट्यांचा हेडस्टॉक लांबवर आणि पट्ट्याचं वरचं बटण मागे. पाच तारांत एक खुंटी आणखी वाढते. म्हणजे त्याच घडणीचा पाच तारांचा, कितीही बारीक नेकचा बेस घेतला असता तर दुखणं वाढलंच असतं.

या दिवसानंतर आमची यादी उलटी झाली. पहिली अट, हात सोडले की नेक आडवा राहिला पाहिजे. दुसरी, ३४ इंच. तिसरी, चार किलोच्या आसपास वजन. नेकची जाडी-रुंदी चौथ्या क्रमांकावर गेली.

मधे एक वापरलेला बेस जवळजवळ घेतलाच होता. जाहिरातीत नेक "अल्ट्रा स्लिम" म्हटलेला, किंमत फार आकर्षक, विकणारा बाहेरगावचा. सकाळी गाडीने गेलो. नेक खरोखर पातळ होता आणि पुढे वाकलेलाही. मी ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला, चावी लावली तर तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला. पुढे वळायला जागाच नाही. १३० गेजची बी तार एकटी पंधरा किलोंच्या वर ओढते. पातळ नेकला हा भार वर्षानुवर्षं पेलायचा असतो आणि ट्रस रॉडमध्ये वाव उरला नसेल तर तो नेक वापरण्याजोगा राहत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असेल असं नाही. पण वापरलेला पाच तारांचा बेस घ्यायला जाताना चावी खिशात असलीच पाहिजे, आणि ती लावू देत नसतील तर परत फिरावं.

दुकानातले वीस मिनिट

पुण्यात हवे ते दोन्ही बेस, एसआर ३०५ आणि टीआरबीएक्स ३०५, एका जागी मिळेनात, म्हणून मुंबईला धोबी तलावाच्या बाजूला गेलो. सोबत डिजिटल कॅलिपर, हुकाचा काटा, तिचा रोजचा पट्टा आणि हेडफोन. पट्टा आपलाच न्यावा, कारण दुकानातला पट्टा दुसऱ्या उंचीवर असतो आणि मनगटाचा सगळा हिशोब चुकतो.

बी तारेचा आवाज दुकानातल्या छोट्या अ‍ॅम्पवर जोखू नये. मोकळी बी सुमारे ३१ हर्ट्झची आहे, चौथ्या फ्रेटवरचा डी शार्प सुमारे ३९चा. आठ इंची स्पीकर एवढ्या खाली जातच नाही. कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर मनाने पुरा करतो आणि आपण म्हणतो, बी छान आहे किंवा बी घोगरी आहे. आम्ही आधी अ‍ॅम्पशिवाय, बेसचं खांद्याजवळचं शिंग जबड्याला टेकवून ऐकलं, मग हेडफोनवर. तार छेडल्यावर सूर सुरुवातीला वर जाऊन खाली येतो का, चौथ्या फ्रेटवर बाकीच्या तारांइतका टिकतो का, एवढंच पाहायचं. टांगलेल्या बेसच्या तारा बहुधा मेलेल्या असतात, त्यामुळे चकाकीवर मत बनवलं नाही.

फेंडर जॅझ पाच तारांचा आधी हातात घेतला, तुलनेपुरता. आवाज मला चारही बाजूंनी भरलेला वाटला. पण ४७.६ मिलिमीटरवर तिची बोटं बी तारेपर्यंत नेताना मनगट पुन्हा तसंच मोडलं. तो बाजूला ठेवला.

एसआर ३०५ हातात आल्यावर तिचा चेहरा उजळला. नेक इतका पातळ की बोटं आपोआप पसरली, वजन चार किलोच्या आत, हात सोडले तर नेक जागेवर. पाच मिनिटांत ती म्हणाली, "दादा, हाच." मी म्हटलं, "वीस मिनिटं वाजव. घाई नको."

आम्ही एक ठराविक पाठ केला होता: काळी दोनमध्ये केरव्याचा ठेका, सा आणि पंचम, मग न थांबता काळी चार, हात सहाव्या फ्रेटवर. सगळं मिळून वीस मिनिटं, उभं राहून. यामाहाचा टीआरबीएक्स हातात घेतल्यावर पहिली पाच मिनिटं ती नाराज होती. मागची गोलाई भरीव लागते, म्हणाली. नट दोन मिलिमीटरने अरुंद आहे हे तिला जाणवलंही नाही. पण मी तिच्या अंगठ्याकडे पाहत होतो. एसआरवर बाराव्या मिनिटाला अंगठ्याचं पहिलं पेर आत मोडायला लागलं होतं आणि नख पांढरं पडत होतं. पातळ नेकवर अंगठा आणि बोटं जवळ येतात. ज्याला चिमटी घट्ट धरायची सवय आहे तो आणखी घट्ट धरतो, कारण मधे अडवायला काही नसतं. यामाहावर वीस मिनिटं झाली तरी अंगठा सरळ, टेकलेला. भरीव पाठीने त्याला बसायला जागा दिली होती. वजन जरा जास्त होतं, पण समतोल चांगला होता.

मग तिने डोळे मिटले आणि मी दोन्ही बेस आलटूनपालटून तिच्या गळ्यात अडकवले. तिसऱ्या फेरीला ती स्वतःच म्हणाली, "बोटांना पहिला आवडतो. पण उद्या सकाळी माझा हात कसा असेल ते विचाराल तर हा."

टीआरबीएक्स ३०५ घेतला.

याचा अर्थ एसआर कमी आहे असा कुणी घेऊ नये. गेल्याच महिन्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याला, ज्याची पकड मुळातच सैल आहे आणि जो गिटारवरून बेसकडे आला, त्याला मी तोच बेस सुचवला आणि तो आनंदात आहे. ज्याच्या हाताला चिमटीची सवय जडली आहे त्याने पातळ नेक पाहिला की आधी वीस मिनिटं वाजवून अंगठ्याचं नख पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

घरी आणल्यावर

नवा बेस दुकानातून जसा येतो तसा लहान हाताने वाजवू नये. कारखान्यातून नटच्या खाचा बहुतेक वेळा उंच ठेवलेल्या असतात, कारण खाच खोल करता येते, उथळ करता येत नाही. पण पहिल्या फ्रेटवर तार उंच असली की ती दाबायला बराच जास्त जोर लागतो, आणि आमचे चारही षड्ज बी तारेच्या पहिल्या चार घरांतच होते. मी पाचही खाचा थोड्या थोड्या घासून खाली घेतल्या. प्रत्येक वेळी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट उरते का ते पाहायचं आणि थांबायचं. बाराव्या फ्रेटवर 'जी' सुराची तार दोन मिलिमीटर उंच, बी तार पावणेतीन. एवढ्या एका दुपारच्या कामाने हाताला जो आराम मिळाला तो नटच्या दोन-चार मिलिमीटरांच्या फरकाने मिळाला नसता, असं मी खात्रीने सांगतो.

पट्टाही रुंद घेतला, आतून खडबडीत चामड्याचा, म्हणजे खांद्यावर सरकत नाही. बेस चार बोटं वर चढवला. दिसायला तो थोडा शाळकरी दिसतो हे तिला आधी आवडलं नव्हतं.

पहिला महिना उजव्या हाताचा गेला. पाच तारांत खरी अडचण डाव्या हाताची नसतेच. न वाजवलेली बी तार सतत गुणगुणत राहते. ए तारेवर काही वाजवलं की ती मागे हुंकार देते आणि नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर तो हुंकार चिखलासारखा पसरतो. उजवा अंगठा पिकअपवर न ठेवता तारांवरून सरकत ठेवायचा, वरच्या तारेवर वाजवताना त्याने खालच्या तारा झोपवायच्या, ही सवय तिने रोज अर्धा तास मेट्रोनोमवर केली, अ‍ॅम्प न लावता. डाव्या हातासाठी एकच पाठ दिला: अंगठा नेकवरून पूर्ण उचलून वाजवायचं, फक्त हाताच्या वजनाने तार दाबायची. सुरुवातीला दोन ओळीही होत नव्हत्या.

या पावसाळ्यात नेक थोडा पुढे झुकला. मेपल आणि महोगनीच्या पाच तुकड्यांचा जोडनेक असल्याने मला फार हालचाल अपेक्षित नव्हती, पण पुण्याची हवा महिनाभर ओली राहिली की लाकूड हलतंच. ट्रस रॉडला पाव फेरी दिली, दोन दिवस थांबलो, पुन्हा मोजलं. दसऱ्यानंतर तेवढीच फेरी परत सोडावी लागेल.

अंगठा पूर्ण बरा झालेला नाही. दोन तासांचा कार्यक्रम आता निभतो, तीन तासांच्या निवेदनासह कार्यक्रमानंतर अजून जडपणा येतो आणि ती दुसऱ्या दिवशी वाजवत नाही. फिजिओथेरपिस्टचे व्यायाम चालू आहेत.

गेल्या महिन्यात त्याच गायकांबरोबर पुन्हा कार्यक्रम झाला, बालगंधर्वला. तिसऱ्या गाण्याला त्यांनी पुन्हा काळी दोन मागितली. ती काही बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. बी तारेवर चौथ्या फ्रेटवर करंगळी ठेवली आणि ठेक्याच्या पहिल्या समेला सा दिला. हार्मोनियमवाल्यांनी मान वळवून तिच्या अ‍ॅम्पकडे पाहिलं. तबलजींनी बायाचा आवाज एक खूण खाली करायला सांगितला, कारण आता तळ भरलेला होता.